शिंदळमाकुडीची रोपं गडावर लावू का?

नर्सरीतून आणलेल्या एका शिंदळमाकुडीच्या कांड्या खोचून तुमच्याकडे आठ-दहा कुंड्या झाल्यात, आणि येत्या पावसाळ्यात ती रोपं शिवनेरीवर लावावीत का, असं विचारलंत. नका लावू.

शिंदळमाकुडी (शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका) ही कड्यांवरची दुर्मीळ वनस्पती जगात फक्त आपल्या महाराष्ट्रात आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेलने ती जुन्नर भागातून नोंदवली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव तिला दिलं. पण रोपं तयार होत नाहीत म्हणून ती दुर्मीळ झालेली नाही. कांडी सहज मूळ धरते, हे तुम्ही पाहिलंच. अडचण जागेची आहे. चराई, वणवे, ढासळणारे कडे आणि उपटून नेणारे हौशी लोक यांतून ती उरली मुख्यतः शेळीचं तोंड पोचत नाही अशा कपारींत. ट्रेकरचा हात पोचेल तिथे लावलेलं रोप शेळीलाही सापडतं.

दुसरं म्हणजे, तुमची सगळी रोपं आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड आहे, आठ-दहा कुंड्यांत वाटलेलं. मूळ झाड सज्जनगडचं की पुरंदरचं, कोणाला ठाऊक? शिवाय कुंडीच्या मातीतून पिठ्या ढेकूण आणि बुरशी कड्यावर जाणार ते वेगळंच.

रीतसर पुनर्रोपणात आधी झाड का घटलं आणि ते कारण आता दूर झालंय का, हे बघतात. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेची २०१३ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. मग जवळच्याच कड्यावरच्या अनेक मातृझाडांपासून रोपं, प्रत्येकाला क्रमांक, पावसाच्या सुरुवातीला लागवड आणि पुढे कित्येक वर्षं मोजणी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात हिच्या नात्यातल्या कंदीलपुष्पांवर (सेरोपेजिया) असं काम झालंय, ते जरूर बघा. लावलेलं रोप फुललं म्हणजे जमलं, असं नाही. रुईसारखे हिचेही परागकण पुंजक्यात असतात, ते माशीने न्यावे लागतात. शेंग धरली, म्हातारी उडाली आणि शेजारच्या भेगेत आपोआप रोप उगवलं, तर ती लागवड खरी. (परवानगीचं वेगळं सांगायला नको: गड पुरातत्त्व खात्याचा, भोवतालचं जंगल वन विभागाचं.)

कुंड्या घरीच ठेवा, मित्रांना वाटा. लोकांना ती नर्सरीत मिळाली तर कड्यावरची उपटायचं कारण उरत नाही. ट्रेकमध्ये दिसलीच तर फोटो, तारीख, अंदाजे संख्या, आसपास चराई आहे का, एवढं टिपून जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा. फोटो इथे टाकलात तर गडाचं नाव चालेल, नेमका कडा मात्र लिहू नका. शोधत जाणारे इथेही वाचतात.