फाइलच्या पत्त्यातून फक्त फोल्डर कसा काढायचा?

प्रश्न : हळदीच्या अडत दुकानाच्या पावत्यांसाठी विंडोजची बॅच फाइल (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) केली आहे. ‘बिल’ या व्हेरिएबलमध्ये डी:\हळद पेठ\मार्च\पावती.पीडीएफ असा पूर्ण पत्ता येतो. त्यातला फोल्डर तेवढा हवा. %~डीपीबिल% लिहून पाहिलं, चालत नाही.
– एक वाचक, मार्केट यार्ड, सांगली

उत्तर : चालणारच नाही. टिल्डेची (~ या चिन्हाची) ही सोय साध्या व्हेरिएबलला नाही. बॅच चालवताना सोबत दिलेल्या %१ सारख्या मूल्याला (आर्ग्युमेंटला) आणि फॉर लूपच्या अक्षरालाच आहे. म्हणून पत्ता लूपमधून काढा (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं) :

फॉर %%आय इन ("%बिल%") डू सेट "फोल्डर=%%~डीपीआय"

डी म्हणजे ड्राइव्ह, पी म्हणजे पुढचा मार्ग. कमांड प्रॉम्प्टवर थेट करून बघताना लूपच्या अक्षराआधी % एकदाच द्या.

कंसातली अवतरण चिन्हं गाळू नका. गाळलीत, तर ‘हळद पेठ’मधल्या मोकळ्या जागेवर पत्ता तुटतो, लूप दोनदा फिरतो आणि हाती चालू फोल्डरला ‘पेठ\मार्च\’ जोडलेला भलताच पत्ता येतो. एररही दिसत नाही, हे त्यातलं वाईट.

मिळालेल्या फोल्डरच्या पत्त्याशेवटी \ राहतो. तोच पत्ता अवतरणात घालून रोबोकॉपीला (विंडोजच्या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडला) दिलात, तर \ आणि " मिळून गोंधळ होतो. %फोल्डर:~०,-१% ने तो कापता येतो, पण फाइल थेट ड्राइव्हवर असेल तर नुसतं ‘डी:’ उरतं आणि त्याचा अर्थ बदलतो. त्यापेक्षा "%फोल्डर%." असा टिंब जोडा, दोन्हीकडे चालतं.

फाइल खरंच तिथे आहे का, हे लूप तपासत नाही. त्यासाठी आधी इफ एक्झिस्ट लावा.