मुदत टळल्यावर आरोग्य विमा: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत स्वतःचा आरोग्य विमा सरकारी मार्केटप्लेसवर घ्यायचा तर नोंदणी १ नोव्हेंबरला सुरू होते आणि हिवाळ्यातच संपते. शेवटची तारीख राज्यागणिक वेगळी असते. मधल्या महिन्यांत विमा लागला तर ‘विशेष नोंदणी’ची वाट असते, पण ती ठरावीक घटनांनीच उघडते. या अंकातले प्रश्न त्याबद्दलचे.

नवरा एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहे. १३ जून हा त्याचा नोकरीचा शेवटचा दिवस होता, कंपनीचा विमा ३० जूनपर्यंत आहे. कोब्राचं, म्हणजे कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायचं, पत्र आलंय, चौघांचे महिन्याला २,६०० डॉलर! मार्केटप्लेस तर आता बंद असेल ना?
— एक वाचक, डॅलस

तुमच्यासाठी बंद नाही. विमा जाणं ही विशेष नोंदणीला पात्र ठरणारी घटना आहे. नोकरी काढून घेतली की स्वतः सोडली, याने फरक पडत नाही. विमा संपण्याआधीचे ६० आणि नंतरचे ६० दिवस तुमच्या हातात असतात, आणि मोजायचे ते विमा संपल्याच्या तारखेपासून. म्हणजे २९ ऑगस्टपर्यंत. नोकरी गेल्यावर इथे राहायला मिळणारी व्हिसाची ६० दिवसांची सवलत मात्र शेवटच्या कामाच्या दिवसापासून धरतात, म्हणजे १२ ऑगस्ट, आणि आय-९४ (इथल्या मुक्कामाची मुदत सांगणारी नोंद) त्याआधी संपत असेल तर त्याहून कमी. हे दोन साठ लोक हमखास एकच समजतात.

२९ ऑगस्टपर्यंत मुदत आहे म्हणून निवांत बसू नका. ३० जूनपर्यंत प्लॅन निवडलात तर विमा १ जुलैला सुरू होतो. जुलैत निवडलात तर १ ऑगस्टला, आणि जुलै कोरडा जातो.

आता कोब्रा. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला तो द्यावाच लागतो. आजवर कंपनी भरत होती तो वाटाही आता तुमच्याकडून घेतात आणि वर २ टक्के, म्हणून आकडा एवढा फुगतो. पण त्याचा एक उपयोग आहे. हो म्हणायला ६० दिवस मिळतात, त्यानंतर पहिला हप्ता भरायला ४५ दिवस, आणि एकदा घेतला की तो १ जुलैपासून लागू धरला जातो. जुलैत कुणी हॉस्पिटलात गेलंच, तर तेव्हा कोब्रा घेता येतो. मागचे सगळे हप्ते मात्र भरावे लागतात, आणि तोवर दवाखान्यात तुमचा विमा ‘बंद’ दिसतो, त्यामुळे आधी खिशातून देऊन मग क्लेम करावा लागतो.

चूक होते ती पुढे. कोब्रा घेतला, चार महिने भरला, परवडेना म्हणून ऑक्टोबरमध्ये सोडला, तर त्या सोडण्याने मार्केटप्लेसचं दार उघडत नाही. बदलायचं असेल तर पहिल्या ६० दिवसांतच बदला.

आणखी एक हिशेब बहुतेकांकडून राहून जातो. नव्या प्लॅनमध्ये डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी दर वर्षी आपण भरायची रक्कम, शून्यापासून सुरू होतं. घरात कुणाचं या वर्षीचं डिडक्टिबल भरून झालं असेल आणि ऑपरेशन तोंडावर असेल, तर महागडा कोब्रा दोन-तीन महिने ठेवणं कधी कधी स्वस्त पडतं.

कागद: एचआरकडून विमा कधी संपतो ते सांगणारं पत्र घ्या, त्यात चौघांची नावं हवीत. नुसतं लेऑफचं पत्र परत येतं, कारण त्यात नोकरी संपल्याची तारीख असते, विमा संपल्याची नसते. प्लॅन निवडल्यावर कागद चढवायला ३० दिवस मिळतात. आपल्याकडे खरी अडचण नावांची: पासपोर्टवर माहेरचं आडनाव, कंपनीकडे सासरचं, मधलं नाव एकीकडे वडिलांचं तर एकीकडे नवऱ्याचं. अर्जात इमिग्रेशनच्या कागदावरचं नाव अक्षरशः तसंच लिहा आणि पत्रातलं वेगळं असेल तर लग्नाचा दाखला जोडा. शेवटी, पहिला हप्ता भरेपर्यंत विमा सुरू झालेला नसतो, प्लॅन ‘निवडला’ असं स्क्रीनवर दिसत असलं तरी.

मार्केटप्लेसच्या हप्त्यावर उत्पन्नानुसार मिळणाऱ्या करसवलतीसाठी उत्पन्न अख्ख्या वर्षाचं धरा: जूनपर्यंतचा पगार, सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनीने दिलेली रक्कम), बेकारभत्ता, सगळं. २०२५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून कामाच्या व्हिसावरच्यांना ही करसवलत मिळणार नाही. विमा पूर्ण किमतीत घेता येईल.

आई-बाबा मे महिन्यात ग्रीन कार्डवर आले. दोघंही सत्तरीचे, बाबांची बायपास झालेली. भारतातली मेडिक्लेम आहे. इथे काही मिळेल?
— एक वाचक, एडिसन

मिळेल, पण ते आल्यापासून ६० दिवसांतच. परदेशातून राहायला येणं ही पात्र घटना आहे, आणि तिच्यासाठी आधी विमा होता हे दाखवावं लागत नाही. मेडिक्लेमचे कागद त्यामुळे बाजूला ठेवा. पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का आणि पत्त्याचा पुरावा लागेल. बिलं त्यांच्या नावावर नसणारच, तेव्हा ‘हे माझ्याकडे राहतात’ असं तुमचं पत्र आणि तुमच्या पत्त्याचा कागद कुठल्या स्वरूपात चालेल ते तुमच्या राज्याच्या ‘गेट कव्हर्ड न्यू जर्सी’ला विचारून घ्या.

मेडिकेअरसाठी, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यासाठी, सलग पाच वर्षं इथे कायदेशीर वास्तव्य हवं, तोवर मार्केटप्लेसच. हप्ता जड असेल, कारण ज्येष्ठांना तरुणांच्या तिपटीपर्यंत दर लावता येतो. पण बायपास, मधुमेह, रक्तदाब या कारणांनी नाकारता किंवा दर वाढवता येत नाही, आणि बाबांच्या बाबतीत हेच मोलाचं. कर भरताना त्यांना आश्रित दाखवणार असाल तर सवलत तुमच्या कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरेल, आणि बऱ्याचदा शून्य होईल.

आई-बाबा फिरायला, व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर यातलं काही लागू नाही, कारण ते राज्याचे रहिवासी नसतात. त्यांनी प्रवास विमाच घ्यायचा. त्यात ‘फिक्स्ड बेनिफिट’ प्लॅन स्वस्त असतो, कारण प्रत्येक उपचाराला ठरलेले डॉलर देऊन तो मोकळा होतो. इथलं बिल त्याच्या कितीतरी पुढे जातं.

मी तीन महिन्यांची गरोदर आहे. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात नाव घालायचं राहून गेलं. आता?
— एक वाचक, ऑस्टिन

गरोदरपण हे कारण न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा काही राज्यांच्या मार्केटप्लेसवर चालतं. टेक्सस वापरतं त्या केंद्राच्या मार्केटप्लेसवर नाही, तिथे बाळाचा जन्म ही घटना. तोवर मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) आणि चिप (मुलांसाठीचा तसाच विमा) यांच्याकडे आजच अर्ज करा. त्यांना मुदत नसते, आणि टेक्ससमध्ये पोटातल्या बाळासाठी ‘चिप पेरिनेटल’ आहे.

जन्मानंतर कंपनीच्या विम्याला ३० दिवस असतात, मार्केटप्लेसला ६०. विमा दोन्हीकडे जन्मतारखेपासून धरला जातो. सोशल सिक्युरिटी नंबर यायची वाट पाहत अनेकांचे ते ३० दिवस निघून जातात. नंबर नंतर देता येतो. बारसं सावकाश करा, एचआरला मात्र त्याच आठवड्यात कळवा.

घटना कसलीच नाही, नोंदणी विसरलो. एक एजंट फोनवर १८० डॉलरचा ‘वर्षभर कधीही’ मिळणारा प्लॅन देतोय.
— एक वाचक, फीनिक्स

त्याला एवढंच विचारा: हा ‘मिनिमम इसेन्शियल कव्हरेज’, म्हणजे कायद्याने खरा आरोग्य विमा मानला जाणारा प्लॅन, आहे का? उत्तर फिरवून आलं तर फोन ठेवा. असे शॉर्ट-टर्म, म्हणजे थोड्या मुदतीचे, प्लॅन जुने आजार धरत नाहीत. ते संपले तरी विशेष नोंदणी उघडत नाही. हप्ता थकवून विमा घालवला तरी उघडत नाही. घर बदलूनही नाही: देशातल्या देशात बदललेल्या घरासाठी आधीच्या ६० दिवसांत निदान एक दिवस विमा असावा लागतो. नोकरीत कंपनीचा विमा मिळत असेल तर तिथल्या नोंदणीचा महिना कोणता ते विचारा, तो मार्केटप्लेसहून वेगळा असू शकतो.