‘कृषीवल’ शेकापनं काढलं का, आणि ते कोल्हापुरात का दिसत नाही?

तुम्ही विचारलंय की ‘कृषीवल’ जर शेतकरी कामगार पक्षाचं (शेकापचं) वर्तमानपत्र, तर एकेकाळी शेकापचं एवढं बळ असलेल्या कोल्हापुरात ते स्टॉलवर का दिसत नाही. मी इथलाच, घरात दोन पिढ्या लाल बावटा, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

आधी सनावळी बघा. ‘कृषीवल’ निघालं १९३७ साली, अलिबागहून. शेकापची जुळवाजुळव सुरू झाली १९४७ ला, केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी काँग्रेसवर नाराज झाली तेव्हा. म्हणजे पत्र पक्षापेक्षा दहा वर्षांनी थोरलं. ते पक्षानं काढलेलं नाही, संपानं काढायला लावलेलं आहे.

तो संप म्हणजे चरीचा. अलिबाग तालुक्यात खोती होती, म्हणजे जमीन खोताच्या, गावच्या जमीनदाराच्या, ताब्यात. कुळानं राबायचं, पिकवायचं आणि खंडाचं भात खोताच्या दारात नेऊन मोजून द्यायचं, वेठ वेगळी. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात सभा झाली आणि शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं २५ गावांच्या कुळांनी जमिनी कसायच्याच नाहीत असं ठरवलं. हे एका हंगामाचं नव्हे, सहा वर्षं चाललं. घरात दाणा नाही, तर डोंगरातून लाकूडफाटा आणून विकायचा आणि दिवस काढायचा. १९३४ ला डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले, १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबई विधानसभेत खोतीविरोधी विधेयक मांडलं. त्याच वर्षी नारायण नागूंनी ‘कृषीवल’ काढलं. संप एवढा लांबला की गावोगावच्या माणसांना एकमेकांचं काय चाललंय ते कळायला हवं, आणि आपली बाजू दुसऱ्याच्या पत्रात कोण मांडणार? पुढं हा सगळा जथा शेकापमध्ये आला, पत्रासकट.

आता कोल्हापूर. आमच्याकडं कोकणातली खोती नव्हती, संस्थान होतं. ते विलीन झालं १ मार्च १९४९ ला. इथली घडण सत्यशोधक चळवळीची. पत्रं आमच्याकडंही होती की! खंडेराव बागलांचं ‘हंटर’ होतं (नावातच सगळं आलं), आणि त्यांचे चिरंजीव माधवराव बागल लेखणीचे तितकेच धारदार. पण माझ्या मते कोल्हापूरचा शेकाप छापील अक्षरापेक्षा सभेवर पोसला. बिंदू चौक हेच आमचं वर्तमानपत्र. बाबासाहेब हयात असताना, १९५० साली, फुले आणि आंबेडकरांचे पुतळे याच चौकात बसले, तेही माधवराव बागलांच्याच खटपटीनं.

सभा ठरली की पातळ गुलाबी, पिवळ्या कागदावर हँडबिलं निघायची. खिळे जुळवून पायानं चालवायच्या ट्रेडल छापयंत्रावर छापलेली, शाई अजून ओली, बोटाला लागायची. रात्री पोरं खळीचा डबा आणि कुंचा घेऊन बाहेर पडायची. सकाळी तालमीच्या भिंतीवर मजकूर हजर, वर्गणी नाही की टपाल नाही. आणि शेकापचे नेते एन. डी. पाटलांसारखा वक्ता असल्यावर अग्रलेखाची वाट कोण बघणार? ते एकेक आकडा असा उलगडून सांगायचे की उसाचा दर नि विजेचं बिल शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही कळायचं.

भाकपचं ‘युगांतर’, माकपचं ‘जीवनमार्ग’ ही साप्ताहिकं मात्र कोल्हापुरात कार्यकर्त्यांच्या पिशवीतून यायची. अशी पत्रं पक्षाच्या शाखांवर जगतात. ‘कृषीवल’चं गणित निराळं. ते दैनिक झालं, रायगडच्या बातम्या, तिथल्या जाहिराती आणि पाटील घराणं यांवर टिकलं. पक्षाचे सरचिटणीस जयंत पाटील हे नारायण नागूंचेच नातू. आमच्या घरात याबद्दल कुरकुर असायची की पत्र पक्षाचं कमी नि अलिबागचं जास्त. मला ती कुरकुर पटत नाही. ज्यांच्या संपातून ते निघालं, त्यांच्याच जिल्ह्याचं ते राहिलं.

वाचायचंच असेल तर आता ऑनलाइन मिळतं. फक्त शेकापचं धोरण समजेल म्हणून उघडलंत तर आधी अलिबाग, पेण, रोह्याच्या बातम्या लागतील, तेवढी तयारी ठेवा.