आधी शिसपेन्सिल घ्या

प्रश्न : आमचं येळ्ळूरला जुनं कौलारू घर आहे. सुगी संपून भाताची पोती माडीवर चढली की उंदीर सुरू. रात्रभर नुसती पळापळ. गेल्या महिन्यात लाकडी कपाटातली इरकल काठासकट कुरतडली. मांजर पाळलं, ते दूध पिऊन निजतंय. डांबरगोळ्या झाल्या, प्लगला लावायचं आवाजाचं यंत्र झालं. पिंजऱ्यात आठ दिवसांत एकच सापडला. दोन वर्षांचा नातू घरात आहे, म्हणून औषधाची भीती वाटते. काय करावं कळंना झालंय.
– एक भगिनी, येळ्ळूर

उत्तर : ताई, औषध ठेवलं नाहीत ते बरं केलंत. भाताच्या वखारीत मी 31 वर्षं हिशेब लिहिला. मालकापेक्षा उंदरांशीच माझा संबंध जास्त आला म्हणा की. तुम्ही आत आलेल्यांच्या मागे लागलात, आणि यायची वाट तशीच उघडी राहिली. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका खेपेला पाच-सहा पिलं, आणि ती पिलंही दीड-दोन महिन्यांत वितीला येतात. पिंजऱ्याला हा हिशेब झेपत नाही.

आधी कोण आलंय ते बघा. भाताच्या दाण्याएवढ्या लेंड्या असतील तर लहान उंदीर. मोरीमागे उकरलेल्या मातीचा ढीग दिसला तर घूस, आपले कानडी शेजारी जिला हेग्गण म्हणतात ती. आणि लांब तोंडाची, उग्र वासाची, भिंतीकडेनं चिक्‌चिक् करत जाते ती चिचुंद्री. ती उंदराच्या जातीची नव्हेच, झुरळं-किडे खाते. तिला जाऊ द्या.

आता नातवाची शिसपेन्सिल घ्या आणि घराभोवती फिरा. पेन्सिल शिरली तिथं लहान उंदीर शिरतो. 6 मिलिमीटरची फट त्याला पुरते. वाट सापडत नसेल तर रात्री भिंतीकडेनं रांगोळी भुरभुरा, सकाळी पावलं दिसतील. कौलारू घरात खरी चोरवाट वर असते, वासे भिंतीवर टेकतात तिथं. बारीक भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लिंपा. मोठ्या फटीला 6 मिलिमीटरपेक्षा बारीक घराची लोखंडी जाळी. नुसती माती किंवा फडकं कोंबू नका, चार दिवसांत मोकळं करतात. दाराच्या खाली पत्र्याची पट्टी, मोरीच्या तोंडाला जाळी. कौलांवर टेकलेली आंब्या-फणसाची फांदी असेल तर तीही छाटा.

पोती भिंतीला टेकवायची नाहीत. फळ्या टाकून जमिनीपासून वर आणि भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागं झाडू जातो आणि आपली नजरही. वखारीत हा नियम मोडला की मालक ओरडायचा, आणि तो बरोबर होता. घरच्यापुरता तांदूळ पत्र्याच्या डब्यात.

एवढं झाल्यावर आत अडकलेल्यांसाठी चिमट्याचे सापळे आणा, पाच-सहा तरी. एका सापळ्यानं काही होत नाही. नातवाचा हात पोचणार नाही अशा जागी, कपाटामागं, भिंतीला काटकोनात लावा, कारण उंदीर भिंत सोडून चालत नाही. मी एकदा हौसेनं कुंदा, आपली खव्याची मिठाई, लावला होता. उंदराच्या आधी मुंग्यांनी संपवला, आणि बायकोचं बोलणं खाल्लं ते वेगळंच. भाजलेला शेंगदाणा किंवा सुकं खोबरं दोऱ्यानं बांधा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्याच्यासाठी सापळा तीन-चार दिवस न ताणता नुसता खाऊ घालून ठेवा.

औषधाचं माझ्यावरच बेतलंय. गणपतीच्या आधी वड्या टाकल्या. ते खाऊन उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस फिरतो आणि मनाला येईल तिथं मरतो. आमचा तक्तपोशीवर, म्हणजे फळ्यांच्या छतावर, मेला. आरतीला आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावून बसले होते. ती काळी पूड, झिंक फॉस्फाइड, तर घरात आणूच नका. पोटात गेली की विषारी वायू होतो, आणि त्यावर उतारा नाही. वड्यांवर निदान के-1 जीवनसत्त्वाचा इलाज आहे. कुणाच्या घरी पोरानं खाल्लीच तर पाकीट घेऊन तडक दवाखाना गाठायचा.

माझी आजी घरात मेलेला उंदीर दिसला की हातातलं काम टाकायची. प्लेगात माणसं गाव सोडून माळावर खोपटी घालून राहिली, ती धास्ती तिच्यापर्यंत आली होती. आज लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती धरा, तो उंदराच्या मुतातून पसरतो. लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंगचं पाणी मारून दहा मिनिटांनी, हातमोजे घालून पुसा.

यंत्र कुणाला देऊन टाका, डांबरगोळ्या नातवापासून लांब ठेवा. मांजराचं दूध तोडू नका. त्याला उपाशी ठेवून उंदीर काही जास्त मारले जात नाहीत. वरच्या जाळीचं काम मात्र मे महिन्यात कौलं चाळायला माणूस येईल तेव्हाच उरकून घ्या. नंतर तेवढ्यासाठी वर चढायला कुणी तयार होत नाही.