कच्छच्या रणात जाण्याआधी आई-बाबांसोबत मुंबईत दीड दिवस मिळतोय, तो कसा घालवावा?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत साताऱ्याहून महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरणार, भुजची गाडी दुसऱ्या दिवशी, आणि मधल्या वेळात सत्तरीतल्या आई-बाबांना 'मुंबई दाखवायची' आहे. राणीची बाग, सिद्धिविनायक, हाजी अली, एलिफंटा, जुहू अशी यादीही दिली आहे. यातलं निम्म्याहून जास्त खोडून टाका. आमच्याकडे गावाकडची मंडळी अशीच मधल्या मुक्कामाला येतात आणि पुढच्या प्रवासाची सगळी ताकद मुंबईच्या टॅक्सीत घालवून जातात. रणाची सहल अंग मोडणारी असते. रात्रभराची गाडी, मग भुजहून पांढऱ्या रणाच्या काठचं धोरडो गाव साधारण ऐंशी किलोमीटर, आणि धोळावीरा, म्हणजे हडप्पा संस्कृतीतल्या शहराचे अवशेष, तेही करणार असाल तर गाडीत आणखी काही तास. त्यामुळे मुंबईत जे रणाशी जोडलेलं आहे तेवढंच बघा. ते कमी नाही.

राहायला दादर घ्या. कुलाब्याचं हॉटेल ऐकायला छान वाटतं, पण सामान आणि म्हातारी माणसं घेऊन तिथून भुजच्या गाडीसाठी दादरला किंवा वांद्र्याला यायचं म्हणजे अख्खं शहर चिरत यायचं. महालक्ष्मी दादरला थांबते, पश्चिम आणि मध्य दोन्ही लोकल तिथे मिळतात, आणि सकाळी उठल्यावर आई-बाबांच्या ओळखीचं खाणं हाकेच्या अंतरावर असतं. खोली घेताना लिफ्ट चालू आहे ना आणि खोली सोडल्यावर बॅगा ठेवू देतात ना, एवढं फोनवर विचारून घ्या.

पहिल्या दिवशी अंघोळ-नाश्ता करून, थोडं पडून, अकराच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. जुन्या लोकांच्या तोंडी ते अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच आहे. तिथे सगळं बघायचा हट्ट धरू नका. हडप्पा संस्कृतीच्या वस्तू बघा, आणि मीरपूर खासच्या बौद्ध स्तूपातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती बघा. मीरपूर खास सिंधमध्ये आहे, म्हणजे तुम्ही रणाच्या ज्या काठावर उभे राहणार आहात त्याच्या पलीकडच्या मुलखात. धोळावीराला गेल्यावर तटबंदी, पाये आणि पाणी साठवायची प्रचंड तळी दिसतात. जागतिक वारसा यादीत ते 2021 साली आलं तेव्हापासून गर्दीही वाढली आहे. पण तिथली माणसं हातात काय धरत होती हे आधी बघितलं असलं, तर उन्हात त्या दगडांमधून फिरताना कंटाळा येत नाही. माझ्या वडिलांना इतिहासाची फारशी आवड नव्हती, तरी धोळावीरात ते सगळ्यात पुढे चालत होते. ती करामत म्युझियमची की गाइडची, कोण जाणे!

म्युझियममधून गेटवे रमतगमत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. या दोन्ही वास्तूंचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट. म्युझियम लोकांसाठी 1922 साली उघडलं आणि गेटवे 1924 साली पुरा झाला. तिथे समोर ताजमहाल हॉटेल, खाली लाँचा, फोटोवाले, सगळं आपोआप बघून होतं. एलिफंटाचा मोह आवरा. जाऊन-येऊन लाँचमध्ये दोन तास जातात, धक्क्यावरून पुढे शंभरावर पायऱ्या आहेत, आणि सोमवारी लेणी बंद असतात. गुडघे धड असतील आणि मुंबईत अजून एक पूर्ण दिवस असेल तर जरूर जा, सदाशिवाची ती मूर्ती बघण्यासारखीच आहे. दीड दिवसात नको. संध्याकाळी मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर तासभर बसा आणि परत या.

आता मला खरं सांगायचंय ते खाडीबद्दल. मुंबईचा समुद्र म्हटलं की लोक चौपाटीवर जातात, पण रण समजून घ्यायचं तर शहराची मागची, खाडीकडची बाजू बघावी. पावसाळ्यात कच्छच्या मोठ्या रणात एकीकडून समुद्राचं खारं पाणी शिरतं, दुसरीकडून नद्यांचं गोडं पाणी येतं, आणि तो सगळा सपाट प्रदेश उथळ पाण्याखाली जातो. दिवाळीनंतर ते आटत जातं आणि वर मिठाचा थर राहतो. आपल्या मिठागरांत माणूस बांध घालून जे करतो, ते तिथे निसर्ग काही हजार चौरस किलोमीटरवर करतो. म्हणूनच नोव्हेंबरात गेलेल्यांना कधी कधी चिखल मिळतो आणि तुम्हाला जानेवारीत पांढरं, कडक मीठ मिळेल.

मुंबईच्या याच खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. ठाणे खाडीत त्यांचं अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं. हिवाळ्यात ते इथल्या चिखलात शेवाळ आणि बारीक जीव खातात, आणि कच्छच्या मोठ्या रणात पाऊस चांगला झाला की तिथे चिखलाचे छोटे बुरुज रचून हजारोंच्या संख्येने अंडी घालतात. ऐरोलीला वनखात्याचं केंद्र आहे, तिथून खाडीत बोटीने नेतात. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी चौकशी करून जागा राखून ठेवा. तुमच्या दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी मिळाली तर घ्या, दुपारची असेल तर सोडून द्या, गाडीच्या दिवशी धावपळ नको. जानेवारीत थवे दिसतीलच असं नाही, काही वर्षी ते उशिरा येतात. नाही दिसले तरी खारफुटी आणि बगळे आहेतच, आणि आई-बाबांना चालावं फार लागत नाही.

दुसऱ्या दिवसाचा उरलेला वेळ सामानासाठी. स्वेटर घरूनच आणा. मुंबईच्या हवेत त्याची आठवण होणार नाही, पण रणात रात्री चांगलीच थंडी पडते आणि वाराही असतो. दादरच्या फुटपाथवर टोप्या आणि गॉगल घ्या, कारण दुपारी त्या पांढऱ्या मिठावरून ऊन परत डोळ्यांत येतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर गॉगल दुकानातून चांगला घ्या, फुटपाथचा नको. पायात धुता येतील अशा जुन्या चपला हव्यात, मीठ चामड्याची वाट लावतं. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो किंवा वाटेत भिरंडियाऱ्याला काढतात, तेव्हा सगळ्यांची ओळखपत्रं एका पिशवीत हाताशी ठेवा. पौर्णिमेच्या आसपास जाणार असाल तर भुजकडचं राहणं आजच ठरवा, त्या दिवसांत गर्दी आणि भाव दोन्ही चढतात.

मशीद बंदरला चक्कर मारायची हौस असेल तर बाबांना घेऊन जा, आईंना गर्दीत नेऊ नका. तिथले कच्छी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रेल्वे नव्हती तेव्हा ही मंडळी मांडवी बंदरातून गलबतांनी मुंबईला यायची. गवालिया टँकजवळच्या ज्या पाठशाळेत 1885 साली काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, ती गोकुळदास तेजपाल या कच्छी भाटियाच्या नावाची. दुकानदाराला नुसतं सांगा की आम्ही कच्छला निघालोय. कुठे काय खायचं ते न विचारता सांगतील. आणि हो, दाबेली मुंबईत खाऊन जाऊ नका, तिकडे खा.

भुजची गाडी कोणती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सयाजीनगरी दादरहून दुपारी सुटते, कच्छ एक्सप्रेस वांद्रे टर्मिनसहून संध्याकाळी. आई-बाबांसाठी मी सयाजीनगरी घेईन. दादरलाच चढायचं, आणि भाईंदरची खाडी उजेडात ओलांडता येते, मिठागरं खिडकीतून दिसतात. कच्छ एक्सप्रेसचं तिकीट असेल तर एक लक्षात ठेवा: वांद्र्याचं लोकल स्टेशन आणि वांद्रे टर्मिनस वेगळं आहे. खार स्टेशनवरून पूल आहे, पण बॅगा घेऊन तो चढू नका. दादरहून थेट टॅक्सी करा (रिक्षा दादरला मिळत नाही) आणि संध्याकाळच्या गर्दीसाठी हातात दीड तास ठेवा. रात्रीचं जेवण दादरहून बांधून घ्या. गाडी आणि वार कळवलेत तर ऐरोलीची बोट त्यात बसते का, ते बघून सांगते.