आधी कान, मग कोडी

पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा निवांत बसून वाचला. पेठेतल्या ज्येष्ठांसाठी ‘ब्रेन फिटनेस’चा वर्ग काढायचा तुझा विचार लई भारी आहे. पण तासाभरातली चाळीस मिनिटं तू सुडोकू, शब्दकोडी आणि टॅबवरच्या खेळांना दिली आहेस, म्हणून हे पत्र.

रोज सुडोकू सोडवणारा माणूस सुडोकूत तरबेज होतो. गॅस बंद केला की नाही हे त्याला त्यामुळं जास्त आठवेल, असा भरवसा कुणी देऊ नये. असले खेळ विकणाऱ्या ल्युमॉसिटी या अमेरिकेतल्या ॲपनं तो दिला होता. म्हातारपणचा विसराळूपणा लांबणीवर पडतो, अशी जाहिरात केली. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली आणि २०१६ मध्ये कंपनीला २० लाख डॉलर मोजावे लागले. कोडी काढून टाक असं मी म्हणत नाही. लोकांना मजा येते, हसतात, भांडतात. दहा मिनिटं ठेव. फलकावर मात्र ‘स्मरणशक्ती वाढवा’ असं लिहू नकोस.

सुरुवात कानापासून कर. संध्याकाळी रंकाळ्यावर जा आणि म्हाताऱ्यांच्या घोळक्यापासून थोडं लांब बसून बघ. एखादे आबा सगळ्यांबरोबर हसतात, पण जरा उशिरा. शेजाऱ्याचं तोंड बघून. काही विचारलं तर “हो हो, बरोबर” म्हणून मोकळे. घरचे सांगतात, आबांच्या काही लक्षात राहत नाही हल्ली. अगं, जे कानावर नीट पडलंच नाही ते लक्षात राहणार कसं? पुढं काय होतं तेही ठरलेलं. सारखं “काय म्हणालास?” विचारायची लाज वाटते, मग माणूस कट्ट्यावर यायचंच सोडतो. बोलणं तुटलं की मेंदूचं कामही कमी होतं.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाची, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याच्या आजाराची, टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतात किंवा लांबणीवर पडू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात सगळ्यांत मोठा वाटा दोन गोष्टींचा, प्रत्येकी ७ टक्के: ऐकू कमी येणं आणि वाईट कोलेस्टेरॉल. मशिन कानात घातलं की काम झालं, असंही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ जणांवरच्या कानाच्या मशिनच्या चाचणीचा निकाल आला. तीन वर्षांत सगळ्यांचा मिळून स्मरणशक्ती-विचारशक्तीच्या घसरणीत काही फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र घसरण जवळजवळ निम्म्यानं मंदावली. म्हणून अर्धवट ऐकणाऱ्याला आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठव. कधीकधी नुसता मळच असतो. मशिन कपाटात पडून असेल तर का, ते विचार. बहुतेक वेळा शिट्टी वाजते, किंवा भांड्यांचा आवाज डोक्यात जातो. ते पुन्हा नीट बसवून घ्यावं लागतं, आणि सवय होईपर्यंत रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यावं लागतं. यासाठी घरात कुणाला सवड नसते. तुझ्या वर्गाचा खरा उपयोग इथं आहे.

रक्तदाब, साखर, तंबाखू हे तुला मी काय सांगू! एकच सांगतो: आजोबांना गाडीवरून सोडायला येणारा पंचेचाळिशीतला मुलगा असतो ना, त्याच्याही दंडाला पट्टा बांध. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब व्हायला साठी लागत नाही. आणि त्याचं हेल्मेट आरशाला लटकत असेल तर बिनधास्त बोल. डोक्याला मार बसणं हेही त्या चौदांतलंच.

चालण्याला मात्र वेळ वाढव. २०११ मध्ये १२० ज्येष्ठांवर झालेल्या एका अभ्यासात आठवड्याला तीन दिवस, ४० मिनिटं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, वर्षात सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणायचे व्यायाम करणाऱ्यांचा तो थोडा आकसला. अभ्यास लहान आहे, त्यावर फार उड्या नकोत. पण चालताना शेजारी बोलायला माणूस असतं, तो फायदा वेगळाच.

तुझी सकाळी सातची वेळ मला अजिबात पटली नाही. सातला पुरुष येतील. बायका त्या वेळी चपात्या लाटत असतात, नाहीतर नातवंडांचा डबा भरत असतात. आधीच कट्टा पुरुषांचा, तालीम पुरुषांची. सत्तरीच्या बाईला भजनी मंडळ सोडलं तर बाहेर पडायला जागा कुठं आहे? दुपारी चार ठेव.

अजून एक, हे वहीत लिहून ठेव. एखादी आजी दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलायला लागली, दिवसा झोपायला आणि रात्री उठून बसायला लागली, तर “वय झालं” म्हणून कुणालाही सोडू देऊ नकोस. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नवीन सुरू झालेलं औषध, काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना. हळूहळू वाढलेल्या विसराळूपणातही बी-१२ आणि थायरॉईड तपासल्याशिवाय डिमेन्शिया हा शब्द घरच्यांपुढं काढायचा नाही.

फीचा आकडा निम्मा कर. पेन्शन सगळ्यांनाच नसते.

तुझा,
सर