वाचकांचे प्रश्न : पुलाखालची कुटुंबं आणि आपलं मंडळ

प्रश्न : आमचं विठ्ठल मंदिराचं भजनी मंडळ आहे. जवळच्या उड्डाणपुलाखाली सात-आठ कुटुंबं राहतात. दर शनिवारी आम्ही खिचडी वाटतो, थंडीत ब्लँकेटं देतो. पण खिचडी बरीच वाया जाते आणि त्या लोकांची परिस्थितीही आहे तशीच आहे. कुठे चुकतंय? (एक वाचक, चिंचवड)

शनिवारी संध्याकाळी तुमच्यासारखीच आणखी दोन-तीन मंडळं तिथे येत असणार. एकाच वेळी तिप्पट अन्न येतं आणि सोमवारी सकाळी चूल थंड असते. शिवाय चार वाजता शिजवून पातेल्यात घट्ट झाकलेली खिचडी उन्हाळ्यात आठपर्यंत आंबूस होते. उरलेलं अन्न फुटपाथवर सांडतं, दुकानदार तक्रार करतात आणि पाठोपाठ अतिक्रमण विभागाची गाडी येते. म्हणजे वाटपाचा भुर्दंड त्या कुटुंबांनाच पडतो.

यातली बहुतेक माणसं मजूर अड्ड्यावर जाणारी असतात. सकाळी सातला नाक्यावर उभं राहायचं आणि काम मिळालं तर दिवस सुटायचा. त्यांना खरी गरज असते ती साडेसहाच्या डब्याची. तुमच्या आठ कुटुंबांत मिळून साधारण पस्तीस माणसं धरा. नव्वद पोळ्या लागतील, म्हणजे तीन किलो कणीक. सहा घरांनी प्रत्येकी पंधरा पोळ्या केल्या तर कुणावरच भार पडत नाही. दीड किलो मटकीला मोड आणले की एवढ्यांना पुरेल इतकी सुकी उसळ होते. रस्सा देऊ नका, डबा सांडतो. आठवड्यातून एकदा पोटभर देण्यापेक्षा तीन ठरलेल्या सकाळी, चुकवायचं नाही असं ठरवून द्या. वार आधी त्यांना विचारून ठरवा.

ब्लँकेटांचंही तसंच. जाड घोंगडी एकदा भिजली की आठवडाभर वाळत नाही आणि कारवाईत पहिल्यांदा तीच उचलली जाते. पातळ, एका दिवसात वाळणारी चादर आणि मच्छरदाणी जास्त उपयोगी.

आणि ज्याला एक पैसाही पडत नाही ते राहूनच जातं : मंदिराच्या आवारातलं न्हाणीघर सकाळी साडेपाच ते साडेसहा फक्त बायकांसाठी उघडा. पुलाखाली आडोसा नसल्यामुळे बायका पहाटे अंधारात उरकतात, नाहीतर दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीच्या जळजळीचे आजार सुरू होतात. मंदिरात सोय नसेल तर जवळच्या सुलभ शौचालयवाल्याशी महिन्याचा हिशोब ठरवून मंडळाने पैसे भरावेत. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत ‘भुकेलेल्यांना अन्न’ पहिलं आहे, पण ‘बेघरांना आसरा’ हे वेगळं सूत्र आहे. आपली बहुतेक मंडळं पहिल्यावरच थांबतात, याचं वाईट वाटतं.

प्रश्न : कुणाकडेच कागद नाहीत. मुलंही शाळेत नाहीत. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, नाशिक)

‘कागद नाहीत’ यावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी विचारा, ‘गावाकडे रेशनकार्ड कुणाच्या नावावर आहे?’ कामासाठी आलेल्या पुष्कळ कुटुंबांचं नाव गावच्या कार्डावर असतं. आधार जोडलेलं असेल तर त्याच कार्डावर शहरातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात धान्य मिळतं. कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा प्रकार लिहिलेला असेल तर माणशी महिना ५ किलो. काही धान्य गावात म्हातारे आईवडील उचलतात आणि उरलेलं इथे घेता येतं. विटा-सिमेंटच्या कामाने बोटांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे मशीन नकार देतं. तेव्हा कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो, दुकानदाराला तसं सांगा. ई-केवायसी, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवणं, राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत उरका.

आधारच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. कार्ड हरवलेलं असतं आणि कार्यकर्ते नवीन नोंदणी करून टाकतात. ठसे जुन्या नोंदीशी जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. आधार केंद्रात ठशांवरून जुना नंबर शोधायला सांगा. कधीच नोंदणी झाली नसेल तरच नवी. पत्त्यासाठी आमदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला चालतो, मात्र तो आधारच्याच छापील नमुन्यात हवा, फोटोवर सही-शिक्का हवा आणि तीन महिन्यांच्या आत वापरायला हवा. साध्या लेटरहेडवरचं पत्र परत येतं.

शाळेसाठी मात्र यातल्या कशाचीही वाट पाहू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वयानुरूप वर्गात बसवावं लागतं. मुख्याध्यापकांकडे मंडळातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला पालकांबरोबर पाठवा. सहा वर्षांखालच्यांसाठी आणि गरोदर बायकांसाठी अंगणवाडी गाठा. पुलाखालच्या एखाद्या कुटुंबात बाळ नुकतंच जन्मलं असेल तर २१ दिवसांच्या आत नोंद झाली का ते रुग्णालयात जाऊन पाहा. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि मजुरी बुडवून इतक्या खेपा कुणी घालत नाही.

मतदार नोंदणीसाठी नमुना ६ भरा. बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा मागत नाहीत; बीएलओ, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी, एकाहून जास्त रात्री येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहतो. त्या रात्री अर्जदार जागेवर हवा, एवढं सांभाळा.

मिळालेल्या कागदांच्या झेरॉक्स कुटुंबागणिक एका पाकिटात घालून मंदिराच्या लोखंडी पेटीत ठेवा. मूळ कागद कुटुंबाकडेच, चेनच्या प्लास्टिक पाउचमध्ये. मूळ कागद मंडळाने ठेवून घेणं म्हणजे त्यांना आपल्या दाराशी बांधून ठेवणं आहे.

प्रश्न : पावसाळ्यात या कुटुंबांना सभामंडपात झोपू द्यावं का? (एक वाचक, ठाणे)

जरूर द्यावं, पण आधी महापालिकेचा निवारा पाहून या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांप्रमाणे मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा, वर्षभर चोवीस तास चालणारा निवारा असायला हवा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पुरुष आणि बायका वेगळे ठेवतात. नवरा, मोठा मुलगा एकीकडे आणि आई-मुली दुसरीकडे, म्हणून कुटुंबं जात नाहीत. कुटुंबासाठी खोली असेल आणि नाक्यापासून लांब नसेल तर तोच पर्याय चांगला.

नसेल तर विश्वस्तांचा लेखी ठराव करा. त्यात किती कुटुंबं आणि कुठल्या तारखेपर्यंत हे लिहा. पोलीस ठाण्याला पत्र देऊन पोच घ्या. सभामंडपात चार कुटुंबांपेक्षा जास्त नकोत. दोरीवर साड्या-चादरी टांगून प्रत्येकाला आडोसा द्या. रात्री दोन कार्यकर्ते हवेत, त्यांतली एक बाई. कुणीही कार्यकर्ता मुलांबरोबर एकटा राहणार नाही, हा नियम कागदावर असू द्या.

तीन आठवड्यांत कार्यकर्ते थकतात, काम बंद पडतं ते इथे. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९८६ साली चर्च आणि इतर प्रार्थनास्थळांनी यावर पाळी लावून घेतली : प्रत्येक ठिकाणी एक आठवडा, मग कुटुंबं पुढच्या ठिकाणी. आपल्याकडे एका वॉर्डात मंदिर, गुरुद्वारा, चर्च, मशीद, बुद्धविहार मिळून सहज पाच जागा होतात. अंतर मात्र चालत जाण्याइतकं हवं, नाहीतर नाका आणि शाळा दोन्ही सुटतात.

प्रश्न : देणगीदार फोटो मागतात. काय करावं? (एक वाचक, कोल्हापूर)

पोळ्यांच्या चळतीचा काढा, खर्चाच्या वहीचा काढा. माणसांचे नको, मुलांचे तर मुळीच नको. वर्गातल्या कुणी तो मोबाइलवर पाहिला तर ते पोर दुसऱ्या दिवशी शाळेत जात नाही. देणगीदाराला दर महिन्याला अर्ध्या पानाचा हिशोब पाठवा : इतक्या पोळ्या, इतकी रेशनकार्डं सुरू झाली, इतकी मुलं शाळेत बसली.